बंद पेटीचं जर्मन पेटंट

मी जर्मनीत अर्ज करतो, असं एकदा बदलापुरात बोलून गेलो आणि पुढे कित्येक वर्षं ते निस्तरत राहिलो. बाजारात गाठून लोक विचारायचे, "मग गुप्ते, निघणार कधी?" मी निघणार नाही, फक्त अर्ज निघणार, आणि तोही माझा नाही, दुसऱ्याचा, हे कळल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जी कीव यायची ती अजून आठवते. कात्रपच्या धर्माकाकांनी तर माझ्या वडिलांचं सांत्वन केलं होतं. "पोर शिकलं खरं अण्णा, पण दुसऱ्याचेच अर्ज लिवतं."

काकांचं चुकलं नव्हतं. फोर्टात एका पेटंट एजंटाच्या कचेरीत मी नकाशे काढायचो आणि अर्ज तयार करायचो. नकाशे म्हणजे गिऱ्हाइकानं लावलेल्या शोधाची चित्रं. पांढऱ्याशुभ्र जाड कागदावर काळ्या शाईनं, सावली न देता, प्रत्येक भागाला आकडा घालून काढायची. आमचे मालक होर्मसजी हे पारशी गृहस्थ. दारावरची पितळी पाटी रोज त्यांच्यासमोर घासली जायची. तिच्यावर इतकी युरोपीय शहरं कोरलेली होती, की नवखा माणूस आत येऊन बोटीचं तिकीट मागायचा.

हा धंदा लोकांना समजावून सांगणं हेच त्यातलं निम्मं काम. बदलापूरच्या एका वैद्यांना मूळव्याधीच्या औषधाचं पेटंट इंग्लंडात घ्यायचं होतं. मी म्हटलं, "औषधात काय काय आहे?"

"ते सांगायचं नाही. गुरूंची आज्ञा आहे."

"मग पेटंट कशाचं घ्यायचं?"

"न सांगण्याचंच!"

पेटंट हा सरकारशी केलेला सौदा असतो, हे मी त्यांना समजावलं. तुम्ही तुमची युक्ती सगळी लिहून द्यायची. त्या बदल्यात काही वर्षं सरकार ती दुसऱ्याला वापरू देत नाही. वैद्यबुवा म्हणाले, "म्हणजे आधी चोराला सगळं सांगायचं आणि मग त्याला चोरी करू नको म्हणायचं?" व्याख्या म्हणून मला ती मालकांच्या व्याख्येपेक्षा बरी वाटली.

या सौद्याला एक अट होती. युक्ती आधी सरकारकडे नोंदवायची, जगाला नंतर दाखवायची. जगाला आधी कळलेली गोष्ट कायद्याच्या लेखी नवी राहत नाही. आपल्याकडची रीत नेमकी उलटी. नवं यंत्र झालं की आधी त्याला कुंकू, मग नारळ, मग गल्लीला पेढे. अंबरनाथच्या एका फिटरनं पाणी उपसायचा एक सुंदर पंप केला होता. तो माझ्याकडे आला गणपतीनंतर. पंप दहा दिवस देखाव्यात चालत होता, शंकराच्या जटेतून गंगा काढत होता, आणि तालुक्यानं रांग लावून तो पाहिला होता. मी काय करू शकणार होतो? मी त्याला चहा पाजला.

पण ज्या प्रकरणासाठी लिहायला बसलो ते हासानंदाचं.

मी त्याच्याकडे पहिल्यांदा गेलो तो गिऱ्हाईक म्हणून. बहिणीचं लग्न ठरलं होतं आणि पत्र्याची पेटी घ्यायची होती. उल्हासनगर हे नाव तेव्हा कागदावर आलेलं होतं, पण आम्ही 'कॅम्प'च म्हणायचो. लष्कर सोडून गेलेल्या बरॅकी आणि त्यांत सिंधमधून आलेली माणसं. तीन नंबर कॅम्पातल्या एका बरॅकीत गोणपाटाचा पडदा लावून हासानंदानं दोन भाग केले होते. पडद्याच्या आत संसार, बाहेर पत्रा कापायचं काम. हासानंद चाळिशीचा, किरकोळ अंगाचा, कानावर पेन्सिल. पेटी दाखवा म्हटल्यावर त्यानं एका पेटीत विटा भरल्या, कडी लावली आणि पेटी पायऱ्यांवरून खाली लोटली. ती तीन कोलांट्या खाऊन रस्त्यात पडली. कोपरा चेपला, पण झाकण मिटलेलंच.

"कुलूप आहे?" मी विचारलं.

"साईं, ताला चोर के लिए होता है. यह हमाल के लिए है."

तो कराचीहून बोटीनं आला तेव्हा मुंबईच्या धक्क्यावर जाळ्यातून सामान उतरवत होते. पेट्या खाली आपटत होत्या आणि उघडत होत्या. लोकांच्या रजया, भांडी, लग्नातले कपडे धक्क्याभर पसरले होते. "ताला तो सब लगाके आए थे," हासानंद म्हणाला. "कड़ी ही उड़ गई, तो ताला क्या करे?"

त्याच्या कडीच्या पोटात एक पोलादी जीभ होती. साध्या कडीला हिसका बसला की ती सुटते. याच्या कडीला हिसका बसला की जीभ आणखी आत सरकायची, आणि बोटानं एका बाजूला दाबली की सहज मोकळी व्हायची. बाहेरून यातलं काही दिसत नसे. वरून नुसती माशाच्या आकाराची पितळी चकती, खवल्यांची नक्षी काढलेली. मी बारा गावच्या शोधकांचं पाणी प्यालेला माणूस, पण ती जीभ मी पुन्हा पुन्हा दाबून पाहत राहिलो. बहिणीची पेटी घेतली आणि हासानंदाला होर्मसजींकडे नेलं. त्याचा हिंदुस्थानातला अर्ज आम्ही पावसाळ्याच्या सुरुवातीलाच केला.

भाद्रपदात एका जर्मन बॅग-कारखान्याच्या मुंबईतल्या प्रतिनिधीनं ती पेटी पाहिली. त्यांचा निरोप स्पष्ट होता. जर्मनीत पेटंटचा अर्ज करा, तो निर्वेध असेल तर ही कडी वापरण्याचा हक्क आम्ही विकत घेऊ. हासानंद त्या वेळी प्रत्येक जीभ हातोडीनं ठोकून काढत होता. दिवसभरात जेमतेम चार पेट्या व्हायच्या आणि संध्याकाळी त्याला पेला धरवत नसे. जर्मनीचं जमलं तर जिभा ठोकायचा यांत्रिक प्रेस येणार होता, आणि बरॅकीतल्या आणखी चार घरांची चूल त्यावर पेटणार होती. ही चार घरं कोणती, हेसुद्धा त्यानं मला बोट दाखवून सांगितलं होतं.

जर्मनीची एक अडचण होती. इंग्लंडात आपल्या इथल्या अर्जाची तारीख धरली जायची. जर्मनीशी तसा करार नव्हता. तिथे अर्ज पोचेल तो दिवस खरा, आणि त्याआधी जगात कुठेही ती युक्ती छापली गेली असली तर अर्ज मेला. वापरात असली तर चालत होतं, वापर जर्मनीबाहेरचा असला म्हणजे झालं. छापलेलं मात्र चालत नव्हतं. हे मी हासानंदाला समोर बसवून सांगितलं. "कुठे छापायचं नाही. बाहेरच्या कुणाला चित्र द्यायचं नाही."

"बाहरवालों को? कभी नहीं!" त्यानं गळ्याला चिमटा घेऊन शपथ घेतली. त्यानं ती पाळलीही.

दिवाळीच्या पाडव्याला सहीचे कागद घेऊन मी कॅम्पात गेलो. हासानंदाची बायको ईश्वरीबाई हिनं पापुद्र्यांची वर्की आणि खोबऱ्याची मिठाई पुढे केली. "खाओ अदा," ती म्हणाली. अदा म्हणजे भाऊ. हासानंद हात पुसत आला आणि त्यानं एक गुलाबी कार्ड माझ्या हातात ठेवलं. "आपका भी है."

कार्डावर सिंधीत मजकूर आणि मधोमध, चांगला ठशाचा ब्लॉक करून छापलेली, त्याची पेटी. मासा ठळक.

मी हातातली वर्की परत ताटलीत ठेवली. "हे कुणाला पाठवलंत?"

"सिर्फ़ अपनों को."

"पण मी सांगितलं होतं..."

"आपने बोला बाहरवालों को नहीं. एक भी बाहरवाला नहीं है, साईं. देख लो."

मजकूर त्यानं वाचून दाखवला. दिवाळीच्या शुभेच्छा. हासानंद, शिकारपूरजवळच्या अमक्या गावचा, कल्याण कॅम्पात आहे, ठीक आहे. ही पेटी त्यानं केली, झटका बसला की आणखी घट्ट होते. आपल्यापैकी जो भेटेल त्याला हे दाखवा आणि हासानंदाचा पत्ता सांगा.

दुसऱ्या दिवशी कार्ड होर्मसजींच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी आधी उठून दार लावून घेतलं, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. जर्मन प्रतिनिधीलाही एक कार्ड गेलं होतं. हासानंदानं त्यालाही आपल्यात धरला होता. तेव्हा गप्प बसून भागणार नव्हतं. अर्ज आम्ही त्याच आठवड्यात म्युनिकच्या वकिलाकडे धाडला आणि सोबत विचारलं की आता काय. उत्तर आलं, की छापील चित्र मर्यादित खाजगी वर्तुळात फिरलं असेल तर ते प्रसिद्ध झालं असं म्हणता येणार नाही. कार्ड कुणाकुणाला गेलं, त्यांचं अर्जदाराशी नातं काय, हे शपथेवर लिहून द्या.

"फॅमिली इज नॉट पब्लिक," होर्मसजी खुलले. "जा गुप्ते, नाती लिहून आण."

मी बरॅकीत कागद घेऊन बसलो. हासानंद नावं सांगायचा, मी नातं विचारायचो. पहिले काही काका-मामा सुरळीत गेले.

"टोपणदास, अजमेर. नातं?"

"हमारा दूधवाला."

"म्हणजे नातेवाईक नाही."

"सुबह उठके सबसे पहले किसका मुँह देखते थे? उसका. भाई का तो बाद में."

"पुढे. मास्टर गोबिंदराम, इंदूर."

"मारता बहुत था," हासानंद कौतुकानं म्हणाला. "लिखो, पिता समान."

"हे जिब्राल्टरचे?"

"उसकी दुकान के सामने हमारी दुकान थी. बीस साल हम बोले नहीं. पक्का दुश्मन."

"दुश्मनाला कार्ड पाठवलंत?"

पडद्याआडून ईश्वरीबाईचा आवाज आला, "दुश्मन भी तो अपने गाँव का चाहिए न, अदा. यहाँ नया कहाँ से लाएँ?"

हाँगकाँग, माल्टा, लागोस, पिंपरी, ब्यावर. एका गावात नांदलेली माणसं नकाशाभर उधळली होती आणि हासानंद ती हिशेबात एकाच गल्लीत उभी करत होता. न्हावी, विहिरीवरचा म्हातारा, बोटीत ज्यानं पाणी दिलं तो अनोळखी कुटुंबप्रमुख. मी कागद होर्मसजींना दाखवले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "गुप्ते, हे फॅमिली हाय की म्युनिसिपालिटी?"

म्युनिकचा वकील सभ्य माणूस होता. त्यानं एवढंच कळवलं, की अकरा पानं भरणारं कुटुंब जर्मन कायदा बहुधा जनता समजेल.

मग होर्मसजींना दुसरी वाट सुचली. जी कार्डं पोचलीच नाहीत ती कुणी वाचली नाहीत, म्हणजे ती प्रसिद्ध झाली नाहीत. तेवढं तरी वर्तुळ लहान करू. आणि कार्डं खरंच परत येत होती. 'या पत्त्यावर इसम नाही', 'सोडून गेले', 'मयत' असे शेरे घेऊन. आठवड्यातून एकदा मी कॅम्पात जाऊन ती गोळा करायचो. मला बरं वाटायचं, हे कबूल केलं पाहिजे. परतलेलं प्रत्येक पाकीट आमच्या बाजूचा पुरावा होतं. हासानंद ते माझ्या हातात द्यायच्या आधी नाव वाचायचा, मग मागची बाजू वाचायचा, जणू पोस्टमनला लिहायचं काही राहून गेलं असावं.

"आज पाच आली. छान!" एकदा मी बोलून गेलो.

हासानंदानं पाचवं पाकीट उलटून पुन्हा पाहिलं. ईश्वरीबाईनं मात्र चहाचा कप जरा जोरात ठेवला. "अदा, आप ख़ुश, तो हम भी ख़ुश." त्यानंतर मी पाकिटं न मोजता पिशवीत टाकायला लागलो.

पण एवढ्यानं भागणार नव्हतं. पोचलेली कार्डं फार होती. जर्मन प्रतिनिधी तर उघडच म्हणू लागला, की कडी चांगली आहे, पण आता ती फुकटही घेता येईल, मग विकत कशाला घ्या? मी अर्ज मागे घेण्याचे कागद तयार करून बरॅकीत नेले. सही कुठे करायची ते दाखवलं. हासानंदानं पेन उचललं आणि ते खाली ठेवून बायकोकडे वळला.

"सब बर्बाद हुआ, और चित्र भी मेरी मर्ज़ी का नहीं छपा!"

"क्यों? अच्छा तो छपा," ती म्हणाली.

"मैंने खोलके बनवाया था. ढक्कन ऊपर, कड़ी खुली, जीभ साफ़ दिखे. कारीगरी तो जीभ की है! इसने फड़वा दिया."

"तो? दिवाली की मुबारकी में खुली पेटी भेजते? लक्ष्मी को बोलते, दरवाज़ा खुला है, निकल जाओ?"

"पेटी टिन की है, लक्ष्मी का मंदिर है क्या?"

"साल भर खोलके रखो. दिवाली को पेटी बंद. मेरी सास ने मुझे यही सिखाया, और तुम्हारी माँ थी वो, मेरी नहीं!"

दोघं हमरीतुमरीवर आली होती आणि मी मात्र खिशातलं कार्ड काढून उजेडात धरलं होतं. इतके दिवस ते माझ्याजवळ होतं आणि ते छापलं गेलं या धक्क्यात त्यावर काय छापलंय हे आमच्यापैकी कुणीच पाहिलं नव्हतं. मी नाही, होर्मसजी नाहीत, वकील तर फक्त आम्ही लिहिलेलं वाचत होता. कार्डावर पेटी होती, मासा होता, खवले होते. जीभ नव्हती. झटका बसला की घट्ट होते असं लिहिलं होतं. कशानं घट्ट होते, ते लिहिलं नव्हतं.

इथे धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. पेटंट मिळतं ते वस्तू काम कसं करते त्याचं. ती दिसते कशी याची नोंद वेगळी, तिला डिझाइन म्हणतात. आम्ही जर्मनीत दोन्ही मागणार होतो. कार्डानं जगाला मासा दाखवला होता. त्याच्या पोटातलं दाखवलं नव्हतं.

"भाभी, तो फाडलेला नकाशा कुठाय?"

"चूल्हे में, और कहाँ!"

अर्ज मागे घेण्याचे कागद मी परत पिशवीत घातले.

होर्मसजींना पटायला वेळ लागला नाही, फक्त शोध आपला नाही याचं त्यांना थोडं वाईट वाटलं. ईश्वरीबाईचं प्रतिज्ञापत्र मी लिहिलं. कार्डावर पेटी बंद का आहे आणि तिचं दुसरं कोणतंही चित्र कधीच का छापलं नाही, याचं कारण त्यात आलंच.

"लक्ष्मी काढून टाक," होर्मसजी म्हणाले. "जर्मन गव्हर्मेंटला काय समजते लक्ष्मी?"

"साहेब, तेवढी एकच गोष्ट सगळ्या गव्हर्मेंटांना समजते."

वाक्य राहिलं. ईश्वरीबाईनं मॅजिस्ट्रेटपुढे सिंधीत सही केली, आणि मॅजिस्ट्रेटनं कारण वाचून मान डोलावली, कारण त्यांच्याही घरी तसंच होतं. म्युनिकच्या वकिलानं लिहिलं, की खुलासा समाधानकारक आहे, आमच्याकडेही तिजोरी उघडी ठेवून कुणी फोटो काढत नाही.

पेटंट मिळालं. माशावर मात्र पाणी सोडावं लागलं. पुढे काही वर्षांनी फोर्टातल्या एका दुकानात युरोपातून आलेल्या बायकांच्या पर्सा लावल्या होत्या, आणि दोन-तीनवर खवल्यांचा पितळी मासा होता. कुणी कुणाचा पाहिला, मला माहीत नाही. विचारण्याचा हक्क आम्हाला उरला नव्हता. एक पर्स हातात घेऊन हिसका दिला. ती उघडली. दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं, आणि मी अनेक वर्षांनंतर कामात समाधान मिळाल्यासारखा बाहेर पडलो.

जर्मन कारखान्यानं करार केला. प्रेस आला, बोटानं दाखवलेली चारही घरं कामाला लागली. पेटंटचा कागद घ्यायला हासानंद आणि ईश्वरीबाई कचेरीत आले. गरुडाचा छाप, जाड कागद. होर्मसजींनी उभं राहून तो हासानंदाच्या हातात दिला आणि छोटं भाषण केलं. हासानंदानं ते ऐकून घेतलं, कागद बायकोकडे दिला आणि मला म्हणाला, "साईं, वो लौटे हुए कार्ड?"

ती परतलेली पाकिटं पुरावा म्हणून फाईलला लावलेली होती. मी म्हटलं, "पेटंट चालू आहे तोवर फाईल ठेवावी लागते. नियम आहे."

"कब तक?"

"अठरा वर्षं."

"अठारह साल मेरे आदमी आपकी अलमारी में रहेंगे?"

मी होर्मसजींकडे पाहिलं. ते खिडकीकडे वळून चष्मा पुसत होते. "माझ्याकडे काय बघते गुप्ते?" ते म्हणाले. "मला तर फाईल कुठे हाय तेच ठाऊक नाय."

कपाटाच्या किल्ल्या माझ्याकडेच असायच्या. मी पाकिटं सोडवून ईश्वरीबाईच्या ओटीत टाकली. त्यानंतर काही आठवडे ती रेशनच्या रांगेत, नळावर, दरबारात म्हणजे त्यांच्या देवळात, दिसेल त्याला विचारत राहिली. कुणी सांगे, अजमेरहून ते ब्यावरला गेले. कुणी म्हणे, मुलाकडे मद्रासला असतील. मेलेल्यांची कार्डं तिनं बाजूला ठेवली. बाकीच्यांना हासानंद नवी पाकिटं करून नवे पत्ते घालत होता.

मी म्हटलं, "हासानंद, ही तर जुन्या दिवाळीची आहेत."

"मुबारकी बासी नहीं होती, साईं."

होळीपर्यंत त्यातली बरीचशी पुन्हा परत आली, तेच शेरे घेऊन. बाकीची आली नाहीत, म्हणजे पोचली. कायद्याचं मत मला माहीत होतं. ती प्रसिद्ध झाली.